रिबनीत राहिलेलं

काल्बुकोच्या धक्क्यावर, सॅमनच्या कारखान्यात
एदुविना बार्रिया लेबलं छापते.
तिसरी पाळी. पायात पांढरे गमबूट,
पाठीमागे उणे अठराचं दार,
ते उघडलं की वाफ आधी येते, माणूस नंतर.

मशीन शाई ओतत नाही. तापतं.
मिलिमीटरला आठ ठिपके, ओळीनं बसलेले,
ज्याला हुकूम मिळेल त्यानं क्षणभर चटका द्यायचा,
की रिबनीवरचा काळा थर सुटून
कागदावर जाऊन बसतो.
"मेण खोक्याला, राळ ओल्याला,"
नव्या पोरांना ती शिकवते,
"आणि छापणाऱ्या डोक्याला बोट लावायचं नाही.
घामातलं मीठ डोकं खातं."
पोरं हसतात. ती हसत नाही, स्पिरिटचा बोळा पुढे करते.

मार्चपासून एक ठिपका मेलाय.
तेव्हापासून प्रत्येक लेबलावर केसाएवढी पांढरी रेघ,
नेमकी देशाच्या नावातून जाणारी.
आधीच लांबोडका देश,
त्याला उभी चीर.
नवं डोकं सान्तियागोहून येणार होतं.
येणार आहे.

डिंकाचं निराळंच.
साधा डिंक थंडीत काच होतो, टिचकी मारली की पडतो;
शीतघराचा डिंक महाग, त्यावर सुपरवायझरची नजर.
आणि लेबलाखालचा तो पिवळा गुळगुळीत कागद,
ज्याला काहीच कायमचं चिकटत नाही,
रोज रात्री पोतंभर निघतो.
कुणी त्याची दखल घेत नाही. तीही नाही.

सोमवारी रोळ हातात घेतला, हलका लागला.
शनिवारी नवा चढवला होता तिनंच.
रविवारी कारखाना बंद.
तिनं वापरलेल्या बाजूचं टोक ओढलं,
ट्यूबलाइटसमोर धरलं.

जिथून काळं गेलं तिथून उजेड येतो.
उजेडाची अक्षरं,
उजेडाच्या तारखा.
तोच लॉट, फेब्रुवारीत भरलेला,
मुदत संपून सहा दिवस झालेला,
आता जूनपर्यंत चांगला.
एक खोकं. दुसरं. वावभर ओढलं, अजून जून.
सहाशेबारा मोजले, मग मान दुखली.
आणि देशाच्या नावातून काळी, न वितळलेली रेघ,
जिथे मेलेला ठिपका
आपलं काम करायचं राहून गेला.

रेमिहिओ सोतो दारात.
"जुनी रिबन भट्टीत, एदुविना. नियम आहे."
"हो," ती म्हणाली.
नियम आहे, खरंच आहे.
तिनं भट्टीत पिवळा कागद टाकला, पोतंभर.
तो चांगला जळला.

रिबन उजव्या गमबुटात,
पोटरीभोवती गुंडाळून फाटकाबाहेर आली.
पहारेकऱ्यानं पिशवी उघडली, डबा उघडला,
"पाय का ओढतेस?"
"थंडी."

घरी चुलीपाशी पगाराची पावती अडकवलेली.
ती साध्या उष्णतेच्या कागदावरची, रिबनीशिवाय छापलेली,
चुलीच्या धगीनं निम्मी काळी पडलीय;
आकडे काळ्यात बुडाले,
कापलेले तासही बुडाले.
खिडकीतली त्याहून जुनी, ती उन्हानं पांढरी.
दोन्हींवर आता कुणाचं काही देणं लागत नाही.

शिंपल्यांच्या रिकाम्या बरणीत तिनं रिबन भरली,
झाकण घट्ट लावलं.
सगळ्या बरण्यांवर लेबलं, महिना, वर्ष;
हिच्यावर नाही.

"यात काय?" बहिणीनं विचारलं, ओर्तेन्सियानं.
"रविवार."

तपासनिसाचा फोन नंबर
औषधाच्या दुकानाच्या पावतीवर छापलेला आहे.
तोही उष्णतेचाच कागद.
चुलीपासून लांब, पिठाच्या डब्याखाली ठेवलाय.
शेवटचे दोन आकडे फिकट झालेत,
पण अजून वाचता येतात.
सात. मग चार, किंवा नऊ.